एक्केचाळिसावी चप्पल

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मला अकरा जणांनी विचारलं, "मग, कसं झालं नेपाळ?" आमच्या पिंपरीतल्या संत तुकाराम नगरच्या बागेत सकाळी फेऱ्या मारणारे आम्ही सगळे निवृत्त लोक. त्यांना मी आकडे सांगितले. वीस दिवस, सतरा मुलं, दोन वेळा डाळभात, पहाटेचं तापमान सहा अंश. आकडे सांगितले की माणसं पुढे विचारत नाहीत. जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितो आहे.

जाण्याआधी

मी चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं तपासणी विभागात होतो. माप घ्यायचं, मर्यादेत बसलं तर पुढे, नाही तर बाजूला. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली तेव्हा मी ती घेतली, कारण घरी आई अंथरुणाला खिळली होती. पुढची चार वर्षं मी आणि माझी बायको सुनंदा, आम्ही दोघांनी आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं. फ्रिजवर तक्ता लावला होता. डावी, उजवी, पाठ. गेल्या उन्हाळ्यात आई गेली. तक्ता काढला आणि आमच्या हातांना काम उरलं नाही.

सुनंदाने बावीस वर्षं बालवाडी चालवली. तिच्या एका मैत्रिणीच्या ओळखीतून नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यातल्या एका अनाथ मुलांच्या घराचं कळलं. तिथे वीस-वीस दिवस मदतीला माणसं जातात. सुनंदा म्हणाली, "मी जाते." मी म्हणालो, "एकटी?" म्हणून मी गेलो. दुसरं उदात्त कारण नव्हतं. खरं तर आम्ही दोघंही दमलेले होतो. पण दमलेल्या माणसाला नुसतं बसवत नाही, हे त्या चार वर्षांनी शिकवलं होतं.

तानसेनच्या खालचं घर

गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सीमा, मग जीपने घाट. त्या प्रवासात सांगण्यासारखं एवढंच, की सीमा ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. अर्धा तास नाही, एक तास नाही, पंधरा मिनिटं. मला ही गोष्ट फार आवडली. कोणीतरी नीट मोजून ठरवलेलं असणार.

तानसेन हे डोंगराच्या कुशीतलं गाव. उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास. पितळेच्या भांड्यांची दुकानं, खडे चढ, टोपी घातलेले म्हातारे. मुलांचं घर बाजारापासून चाळीस मिनिटं खाली. पायऱ्या मी मोजल्या. उतरताना ६१२ भरल्या, चढताना ६१४. दोन पायऱ्यांचा फरक शेवटपर्यंत सुटला नाही. माझ्या गुडघ्यांनी चढतानाचा आकडा खरा धरला.

पहाटे अंगणातून खाली पाहिलं की दरी नसायचीच. पांढरं धुकं काठोकाठ भरलेलं आणि त्यातून पलीकडच्या डोंगरांची डोकी वर. साडेनऊच्या सुमाराला ते विरत जायचं आणि तळाशी शेतं, घरं, एक रस्ता दिसू लागायचा. चाकण चौकात हिवाळ्यात सकाळी जे धुकं असतं त्यात निम्मा ट्रकांचा धूर असतो. हे नुसतंच धुकं होतं. सुनंदा रोज शाल गुंडाळून ते संपेपर्यंत बघत बसायची. मी आत जाऊन मुलांच्या अंघोळीच्या पाण्याखाली लाकडं सारायचो.

घर सांभाळणाऱ्या बाईंचं नाव दिलमाया. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. आम्ही पोचलो तेव्हा मी जुळवाजुळव करून हिंदीत नमस्कार घातला, तर त्या मराठीत म्हणाल्या, "या या. चहा घेनार ना? गाडी लागली काय ताईंना?"

आम्ही बघतच राहिलो.

"मी मारुंजीला होती, आठ वर्षं," त्या हसत म्हणाल्या. "नवरा सोसायटीत वॉचमन. पार्किंगच्या बाजूला खोली होती. तुमचं पिंपरी मार्केट पन मला सगळं माहीत."

जवळजवळ दोन हजार किलोमीटर आलो आणि भेटली ती आमच्या पिंपरीजवळच्या मारुंजीची बाई. सुनंदाचा अर्धा थकवा तिथेच गेला.

मुलं सतरा. सर्वांत लहान चार वर्षांचं, मोठी मुलगी पंधराची. आई-बाप दोघंही नसलेली. कोणाचे पुरात गेले, कोणाचे आजाराने. पहिल्याच संध्याकाळी ती सगळी रांगेत उभी राहिली आणि आम्हाला पाहून हात जोडले. मला "हजुरबा", म्हणजे आजोबा. मी छप्पन्न वर्षांचा आहे. सुनंदाला मात्र "दिदी". ती चोपन्न.

"अहो, केस बघा तुमचे," सुनंदा म्हणाली. "मुलं खोटं बोलत नाहीत."

जेवण सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला. डाळ, भात, भाजी आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं आंबट सार. रविवारी ढिंडो, आपल्या नाचणीच्या उकडीचा घट्ट भाऊ. मधल्या वेळी पोहे, पण फोडणी न देता, कोरडेच, भाजलेल्या मक्याबरोबर. सुनंदाने एकदा त्यांना कांदा-मोहरीची फोडणी घातली. मुलांनी शांतपणे खाल्ले, "मीठो" म्हणजे छान म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडे मागितले.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. ही मुलं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत.

तिसरा दिवस: माझी स्वच्छता

ओसरीवर चपला-बुटांचा ढीग असायचा. सकाळी शाळेला निघताना सतरा मुलं त्यात घुसायची आणि जोड शोधायची. पहिल्या सकाळी मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. दुसऱ्या सकाळी तेरा.

आमच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाला अशा वेळी एकच गोष्ट सुचते. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला नंबर, जमिनीवर पिवळी रेघ. आणि जी वस्तू लागत नाही तिला लाल चिठ्ठी बांधून वेगळी ठेवायची. मालकाने सात दिवसांत येऊन सांगायचं की ही माझी, मला लागते. नाही सांगितलं तर भंगारात. एकतीस वर्षं हेच केलं. आई गेल्यावर तिच्या खोलीचंही मी चार दिवसांत असंच केलं होतं.

सुनंदा म्हणाली, "हे घर आहे हो. तुमचा शॉप फ्लोअर नाही."

"अकरा मिनिटं जातात रोज."

"मग जाऊ देत की. कुठली कंपनी बंद पडतेय?"

मी दिलमायांना विचारलं. त्या म्हणाल्या, "करा करा, साहेब. चांगलं हाय." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "मागे एक मुलगी आली लांबून, तिने इथे हत्ती काढला. तिच्यानंतर जो आला त्याने पांढरा रंग मारला. आता तुम्ही रेघ मारा."

मला तो विनोद वाटला. मीही हसलो.

मंगळवारी मुलं शाळेत गेल्यावर मी कामाला लागलो. फळ्यांची मांडणी केली, एक ते सतरा नंबर घातले, समोर पिवळी रेघ ओढली. ओसरीवरच्या चपला मोजल्या, चाळीस. मग गाद्या उन्हात घालायला म्हणून उचलल्या, तर एका गादीखाली, उशाकडच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्केचाळिसावी निघाली. बाईची रबरी चप्पल. उजव्या पायाची. निळा पट्टा तुटलेला आणि बारीक तारेने बांधलेला. जोड नाही. माझ्या नोंदवहीत तिच्यापुढे मी लिहिलं, "एकटी, निरुपयोगी." लाल फीत बांधली आणि अंगणाच्या कोपऱ्यात, दोरीने आखलेल्या चौकोनात, फुटक्या बादल्या आणि फाटक्या बुटांच्या ढिगावर ठेवली.

संध्याकाळी जेवताना दिलमायांकरवी सगळ्यांना सांगितलं, तीन दिवस वाट बघू, ज्याची वस्तू असेल त्याने उचलावी. कंपनीत सात दिवस असतात. आमच्याकडे एकूण वीसच होते म्हणून मी तीन केले. सगळी मुलं एका सुरात "हजुर", म्हणजे हो जी, म्हणाली.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शाळेतून आल्यावर सिर्जना नावाची एक मुलगी दोरीच्या बाहेर, ढिगाकडे पाठ करून बसायची. सात-आठ वर्षांची, सगळ्यांत अबोल, मांडणीवर नंबर चौदा. तिथे ऊन चांगलं यायचं. मला वाटलं, ऊन खाते आहे. शुक्रवारी रात्री वहीत मी लिहिलं, "कोणाचीही हरकत नाही."

नेपाळात सुट्टी शनिवारी. सुट्टीच्या सकाळी भंगारवाला आला, सगळं पोत्यात भरलं आणि गेला. रविवारपासून चपला शोधायला दोन मिनिटं लागणार होती. मी समाधानाने पोहे खाल्ले, कोरडेच.

सिर्जनाचं ताट

त्या संध्याकाळी सिर्जना जेवायला बसली, पण ताटाला हात लावला नाही. रविवारी सकाळीही नाही. रडणं नाही, हट्ट नाही. ताट समोर घ्यायची, इतरांचं होईपर्यंत बसायची आणि उचलून परत नेऊन ठेवायची. सुनंदाने भरवायचा प्रयत्न केला. तिने तोंड उघडलं, घास घेतला आणि बाहेर जाऊन टाकला, आम्हाला दिसणार नाही अशा बेताने.

दुपारी दिलमायांनी तिची गादी उचलली आणि माझ्याकडे वळल्या.

"साहेब, हिथली चप्पल?"

मी सांगितलं.

त्या खाली बसल्या. "ती तिच्या आईची होती. दरड आली ना, घर गेलं. ही पोरगी शेजारी होती म्हणून राहिली. तिला दुसऱ्या दिवशी चिखलात एवढीच मिळाली. दोन वर्षं झाली, ती घेऊन झोपते."

"मग तुम्ही बोलला का नाही? तीन दिवस तिथे होती."

"मी तुमच्या ढिगाकडे बघितलंच नाही, साहेब. खरं सांगते. पाहुणे येतात, काय काय करतात, जातात. आम्ही करू देतो."

"आणि ती? ती का नाही बोलली?"

दिलमायांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं लहान मुलाकडे बघतात. "कोनाला बोलनार? मोठ्या मानसाने ठेवलं तिथे."

सुनंदा दारात उभी होती. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आईंची पानाची डबीसुद्धा अशीच गेली. मी विचारणार होते, पण तुमचं यादीत चढून झालं होतं."

भंगारात

सोमवारी उजाडताच मी ६१४ पायऱ्या चढून बाजारात गेलो. भंगारवाला सीमेकडच्या सखल भागातला, हिंदी बोलणारा, चांगला माणूस. मी काय शोधतोय ते ऐकून त्याने डोकं खाजवलं.

"एक चप्पल? दोनो भी नहीं, एक?"

"एक. उजवी. निळा पट्टा, तारेने बांधलेला."

"तार तो हम निकाल लेते हैं, साहब. तार अलग, रबर अलग."

म्हणजे माझी एकमेव खूण गेलेली. रबराची पोती सात होती, जिल्हाभरातून आलेली. मी पहिलं पोतं उलटं केलं. तो थोडा वेळ बघत राहिला आणि मग बसायला एक खोकं आणून दिलं.

मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. डावी एका बाजूला, उजवी दुसऱ्या. उजव्यांतून पुरुषांची बाद. मग मुलांची. मग पट्ट्याचा रंग. पहिल्या दिवशी तीन पोती झाली. हात इतके माखले होते की दुपारी खाता आलं नाही, आणि खरं तर खायची इच्छाही नव्हती. संध्याकाळी खाली उतरलो तेव्हा सिर्जना फाटकाशी उभी होती. माझे रिकामे हात तिने पाहिले आणि आत गेली. मोठ्या मुलीने सांगितलं, आज ती थोडी डाळ प्यायली.

मंगळवारी उरलेली चार. गुडघा सुजला होता. भंगारवाला मधूनच विचारायचा, "मिला, साहब?" आणि स्वतःच म्हणायचा, "मिलेगा." चार वाजता माझ्यासमोर तीन चपला उरल्या. तिन्ही बाईच्या, उजव्या, निळ्या, पट्टा तुटलेल्या. मी एकदाच पाहिली होती आणि तीही बाद करायच्या नजरेने. त्या वेळी मी तिची लांबी घेतली नव्हती. एकतीस वर्षांत माप न घेता बाजूला टाकलेली ती पहिली वस्तू असेल.

बुधवारी शाळा सुटल्यावर अंगणात वर्तमानपत्र पसरून मी त्या तीन चपला धुऊन मांडल्या. सगळी मुलं भोवती जमली. दिलमायांनी सिर्जनाला सांगितलं, हजुरबांनी शोधून आणल्यात, बघ.

ती पुढे आली. प्रत्येक चपलेत तिने पाय ठेवून पाहिला. तिचा पाय छोटा, टाच अर्ध्यातच यायची. तिसरीवरून ती पुन्हा मधलीकडे आली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, चांगलं दोन-तीन सेकंद. सुजलेल्या गुडघ्याकडेही पाहिलं. आणि मधली चप्पल उचलून छातीशी धरली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदाने डोळे पुसले. मी पट्टा बारीक तारेने बांधून दिला. संध्याकाळी सिर्जनाने ताट संपवलं. मी दोनदा भात घेतला आणि वहीत लिहिलं, "निकाली."

विसावा दिवस

उरलेले दिवस बरे गेले. मी मुलांना पाढे दिले, त्यांनी मला विटीदांडूसारखा त्यांचा खेळ शिकवायचा प्रयत्न केला, गुडघ्यामुळे मी फक्त गुण मोजले. सुनंदाने सहा मुलांच्या उवा काढल्या आणि चार वर्षांच्या पोराला पोटरीवरचं गळू बसेपर्यंत मांडीवर वागवलं. दमायला व्हायचं, पण ते दमणं ओळखीचं होतं.

निघायच्या सकाळी ओसरीवर बूट घालत होतो. समोर माझी मांडणी. नंबर चौदाच्या फळीवर सिर्जनाचे शाळेचे बूट आणि त्यांच्या बाजूला ती निळी चप्पल, टोक बरोबर कडेला लावून. अगदी मी शिकवलं होतं तसं.

मी बूट तसाच सोडून आत गेलो. तिची गादी उचलली. उशाकडची बाजू, पायथ्याची बाजू. तिथे काही नव्हतं.

दोन वर्षं जी वस्तू तिने कोणाला दिसू दिली नाही, ती सिर्जना अशी फळीवर ठेवणार नाही. एवढं समजायला तपासणी विभाग लागत नाही.

चुलीशी दिलमाया होत्या. मी विचारलं, "ती चप्पल तिच्या आईची नाही ना?"

त्या थांबल्या. "नाही, साहेब."

"कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवशी. मी विचारलं तिला, पोरी, हीच का? ती बोलली, 'हजुरबा थाक्नुभयो.' आजोबा दमले, बोलली." दिलमायांनी लाकूड पुढे सारलं. "तुम्ही दोन दिवस सकाळचं जेवला नव्हता ना. तिने बघितलं ते."

सुनंदाला मी तिथेच सांगितलं. ती भिंतीला टेकली, जिथे आधी हत्ती होता. मुलांना सांभाळायला म्हणून आम्ही इतक्या लांब आलो होतो.

जीप वर बाजारात थांबली होती. मुलं फाटकाशी रांगेत उभी होती. मी सिर्जनासमोर जाऊन बसलो, गुडघा जेवढा वाकला तेवढा. दिलमायांना म्हणालो, "तिला सांगा, चूक माझी होती. मला कळलंय की ही ती नाही. आणि तिने आता माझ्यासाठी काही करायचं नाही."

दिलमायांनी सांगितलं. सिर्जना जमिनीकडे बघत राहिली.

"आणि विचारा, ती केवढी होती?"

हे मी का विचारलं ते मला अजून सांगता येत नाही. मला दुसरं काही विचारता येत नाही, एवढंच असेल.

तिने वर पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले, तळवे समोरासमोर, मधे जागा ठेवून. डोळे बारीक करून तिने उजवा तळवा थोडा आत घेतला आणि थांबली.

माझ्या खिशात पोलादी टेप असते, निवृत्तीनंतरही. मी ती काढली आणि तिच्या तळव्यांमध्ये धरली. साडेतेवीस सेंटीमीटर. फळीवरची चप्पल या मापाहून दोन बोटं लांब होती, ते नुसतं बघूनही दिसत होतं.

आमच्याकडे एका मापावर विश्वास ठेवत नाहीत. मी टेप काढून पुन्हा लावली. मग पुन्हा. वरून जीपवाला हॉर्न देत होता, सुनंदा पिशव्या घेऊन उभी होती आणि सात-आठ वर्षांची ती मुलगी हात तसेच हवेत धरून होती.

तिन्ही वेळा साडेतेवीस भरलं. मी ते वहीत लिहून पूर्ण करेपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.